परतून आलेल्या कलावंताकडून आपण काय मागतो?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर गाणे ऐकण्याच्या बाबतीत फार कडक होते, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. गायकाचे नाव मोठे, वय झालेले, मानसन्मान भरपूर, हे सगळे बाजूला ठेवा आणि आज तो काय गायला तेवढे बोला, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला धरूनच मी आजचे पुष्प गुंफणार आहे. विषय मात्र या व्यासपीठाला नवा आहे.

मी बोलणार आहे जे-झी या अमेरिकन रॅपरबद्दल, आणि मुख्यतः त्याच्या एकाच अल्बमबद्दल. २००३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तीन वर्षांनी, २१ नोव्हेंबर २००६ रोजी, तो ‘किंगडम कम’ घेऊन परतला. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार प्रती खपल्या आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. तरीही ऐकणाऱ्यांचे एकमत झाले नाही. कुणी म्हणाले, उस्ताद परतले. कुणी म्हणाले, हा परतलाच कशाला? आणि बरेच जण म्हणाले, यातली निम्मी गाणी ठेवा, निम्मी काढून टाका. तो वाद मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एकट्या जे-झीचा निकाल लागत नव्हता. वय वाढत चाललेल्या कलावंताशी रसिकांनी कसे वागावे, हा प्रश्न त्यात होता. आणि तो आपल्यालाही अजून सुटलेला नाही.

या सभागृहात रॅप आवडीने ऐकणारे थोडेच असतील. पण या माणसाचा आवाज तुमच्यातल्या अनेकांच्या कानांवरून नकळत गेला असण्याची शक्यता दाट आहे. पंजाबी एमसीचे ‘मुंडियां तो बच के’ आठवते? तुंबीच्या त्या तुकड्यावर किती वराती नाचल्या असतील! २००३ मध्ये त्या गाण्याची जी नवी आवृत्ती आली, तिच्यात जे-झीचे बोल आहेत, आणि त्यांत इराकवरच्या हल्ल्याला त्याने केलेला विरोधही आहे. त्याआधी, २००२ मध्ये, त्याच्या ‘द बाउन्स’ या गाण्यात आपल्या मुंबईचे ‘चोली के पीछे’ वाजले होते. तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

त्याचे खरे नाव शॉन कार्टर. जन्म ४ डिसेंबर १९६९, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. मार्सी हाउसेस ही तिथली सरकारी वसाहत, सहा मजली विटांच्या इमारतींची. बाप लहानपणीच घर सोडून गेला. तरुणपणी त्याने अमली पदार्थ विकले. हे मी त्याच्यावर आरोप म्हणून सांगत नाही, त्याने स्वतःच ते गाण्यांतून उघडपणे मांडले आहे. मोठ्या कंपन्यांनी दारात उभे केले नाही, तेव्हा दोन मित्रांसह त्याने आपलीच कंपनी काढली आणि १९९६ मध्ये पहिला अल्बम आणला, ‘रीझनेबल डाउट’. तिथपासून २००३ पर्यंत दर वर्षी एक अल्बम. एकही वर्ष चुकले नाही. त्यातला ‘द ब्लूप्रिंट’ नेमका ११ सप्टेंबर २००१ रोजी दुकानांत आला. त्या दिवशी त्याच्या शहरात काय घडले ते वेगळे सांगायला नको. आणि हे सगळे तो कागदावर न लिहिता करत असे. चाल ऐकायची, तोंडातल्या तोंडात पुटपुटत बोल जुळवायचे, सगळे डोक्यात पक्के झाले की मायक्रोफोनपुढे जायचे. मौखिक परंपरेत वाढलेल्या आपल्या लोकांना या स्मरणशक्तीचे मोल कळावे.

मग नोव्हेंबर २००३ मध्ये ‘द ब्लॅक अल्बम’ आला. हा शेवटचा, असे त्याने सांगितले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा मोठा जलसा झाला, त्यावर सिनेमाही निघाला. पुढे तो डेफ जॅम या नामांकित रेकॉर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला, रिहानासारखी नवी मुलगी त्याच्या कारकिर्दीत पुढे आली. गाणे त्याने खरे तर पूर्ण सोडले नव्हतेच. अधूनमधून दुसऱ्यांच्या गाण्यांत तो येत राहिला, २००४ मध्ये लिंकिन पार्क या रॉक वाद्यवृंदाबरोबर त्याने ध्वनिमुद्रणही केले. पण स्वतःचा अल्बम नाही म्हणजे नाही. तो आला थेट तीन वर्षांनी.

आता माझा पहिला मुद्दा. अल्बम आला तेव्हा हा माणूस छत्तीस वर्षांचा होता, सदतीस पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. छत्तीस! आपल्या शास्त्रीय संगीतात या वयाच्या गायकाला आपण ‘उमेदीचा’ म्हणतो. सवाई गंधर्व महोत्सवात त्याला दुपारचे सत्र मिळाले तर घरी पेढे वाटतात. मग हा छत्तिशीतच म्हातारा कसा ठरला?

याचे उत्तर त्या कलेच्या वयात आहे. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत झाला असे मानतात. कूल हर्क नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने तिथे बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. म्हणजे २००६ मध्ये ही कलाच तेहेतीस वर्षांची होती. जे-झी आपल्या कलेपेक्षा वयाने मोठा होता! आणि तिचे दोन सर्वांत लाडके आवाज? तुपाक १९९६ मध्ये गोळ्या लागून गेला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. जे-झीचा ब्रुकलिनचा मित्र बिगी पुढच्याच वर्षी तसाच गेला, चोविसाव्या वर्षी. ज्या कलेतले देव पंचविशीच्या पलीकडे जगलेच नाहीत, तिला प्रौढपण कसे असते हे माहीत कुठून असणार? मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरी ओलांडल्यावर काय गात होते, हे आपण ऐकले आहे. आवाजातला कस बदलतो, जागा बदलतात, श्वास कमी पुरतो आणि त्यातून वेगळेच काही उमटते, हे आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. रॅपच्या श्रोत्याला हे शिकवायला कुणीच नव्हते. ते शिक्षण ‘किंगडम कम’पासून सुरू झाले, आणि पहिल्या धड्यात शिकवणाराही चाचपडत होता, शिकणाराही.

दुसरा मुद्दा असा, की जे-झीने स्वतःच अपेक्षा आभाळाला नेऊन भिडवल्या. ‘किंगडम कम’ हे नाव आले १९९६ च्या एका कॉमिकवरून. मार्क वेड आणि अ‍ॅलेक्स रॉस यांच्या त्या मालिकेत नव्या पिढीचे बेफाम वीर धुमाकूळ घालत असतात आणि सुपरमॅन निवृत्ती सोडून परत येतो. अर्थ उघड आहे. कला बिघडली आहे, मी ती सावरायला आलो. शीर्षकगीतात हा दावा तो सरळसरळ करतो. (त्या गाण्याची बांधणी मात्र ऐकण्यासारखी आहे. रिक जेम्सचे ‘सुपर फ्रीक’ हे गाणे एमसी हॅमरने १९९० मध्ये घराघरांत नेले होते, इतके की त्याला पुन्हा हात लावायला कुणी धजावू नये. जस्ट ब्लेझ या संगीतकाराने त्याचे बारीक तुकडे करून असे काही विणले आहे, की ओळखीचा सूर कानाला लागतो आणि हातातून निसटतो.)

पण कला खरोखर बिघडली होती का? २००६ हे वर्ष दक्षिणेकडच्या रॅपरांचे होते. अटलांटा, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन. न्यूयॉर्कची मक्तेदारी संपली होती. न्यू ऑर्लिन्सचा लिल वेन, चोवीस वर्षांचा, मिक्सटेपमागून मिक्सटेप फुकट वाटत होता. जे-झीच्या या अल्बममधले पहिले गाणे ‘शो मी व्हॉट यू गॉट’ बाहेर आले, तेव्हा त्याच चालीवर लिल वेनने स्वतःचे बोल बसवून सोडले, आणि पुष्कळांना ते मूळ गाण्याहून सरस वाटले. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात जशी भर फडात जुन्या शाहिराची उलटतपासणी होते, तशी ही होती. त्या कलेत ते अपमानास्पद नसते. जे-झी स्वतः याच आखाड्यात वाढला होता. २००१ मध्ये नास या त्याच्याच शहरातल्या रॅपरशी त्याचे जाहीर द्वंद्व झाले, आणि त्यातला नासचा घाव त्याला चांगलाच लागला होता. तेव्हा समोर कोण आहे याचा मुलाहिजा न ठेवण्याची त्या श्रोत्यांची सवय त्याला नवी नव्हती.

त्या पहिल्या गाण्याची चित्रफीत पाहा. मोनॅकोच्या वळणदार रस्त्यांवर महागड्या गाड्यांची शर्यत, पाण्यावर वेगवान बोटी. जुगाराच्या टेबलाशी शॅम्पेनची नेहमीची बाटली येते, जे-झी हाताने ती परत पाठवतो, आणि मग सोनेरी बाटली येते. यामागे एक खरा राग होता. त्या जुन्या शॅम्पेनच्या कंपनीच्या प्रमुखाने रॅपरांच्या पसंतीबद्दल नाखुशीचे बोल काढले होते आणि जे-झीने त्यात वंशद्वेष पाहून बहिष्कार पुकारला होता. पुढे ती सोनेरी बाटलीची कंपनी त्याने विकतच घेतली. रागाचे असे भांडवलात रूपांतर करणारा माणूस असामान्य आहे, यात शंका नाही. पण श्रोतेहो, त्या गाण्यात ऐकणाऱ्याला हातात काय येते? राग नाही. बाटली येते.

आता मी त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हा विषय घेतला. अल्बममधली गाणी एकमेकांशी भांडतात. म्हणून प्रतिक्रिया संमिश्र आल्या. त्या गोंधळलेल्या नव्हत्या, त्या अचूक होत्या.

एक गाणे आहे ‘थर्टी समथिंग’. त्यात तो तिशीची बाजू मांडतो. तिशी म्हणजे म्हातारपण नव्हे, उलट खरी मजा आताच आहे, पोरांनो तुमचे कपडे बघा आणि माझे बघा, तुम्ही दाराशी ताटकळता, मी मालकाच्या टेबलाशी बसतो, असा त्याचा सूर आहे. बोलण्यातली सफाई निर्विवाद. पण हे गाणे वयाबद्दल असून त्यात वय कुठे आहे? तिशी पार केलेल्या माणसाला काय कळते, जे विशीत कळत नाही? कोणती भीती वाढते, कोणती गळून पडते? काही नाही. वयाचे वकीलपत्र आहे, वयाची साक्ष नाही. तरुण श्रोते चिडले ते याच्यावर, आणि त्याच्याबरोबर मोठे झालेले श्रोते खट्टू झाले तेही याच्यावर. त्यांनाही मुले झाली होती, घराचे हप्ते सुरू होते. आपल्या वयाचे काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ते आले होते, आणि त्यांना मिळाली श्रीमंतीची यादी.

आणि त्याच अल्बमवर ‘लॉस्ट वन’ आहे. डॉ. ड्रेचे संगीत, जवळजवळ रिकामे. पियानोचे मोजके सूर, क्रिसेट मिशेल या गायिकेने म्हटलेले ध्रुवपद. तीन कडवी, तीन वियोग. पहिल्यात धंद्यातल्या जुन्या भागीदारीचा शेवट. दुसऱ्यात एक प्रेम, जिथे दोघांपैकी कुणालाच काम बाजूला ठेवता येत नाही. आणि तिसऱ्यात भावंडाचा तरुण मुलगा. तो गाडीच्या अपघातात गेला. गाडी कुणी घेऊन दिली होती? जे-झीने. तो हे सांगतो आणि पुढे जातो, हंबरडा फोडत नाही, स्वतःला माफही करत नाही. ज्या माणसाने पूर्ण कारकीर्द गाड्यांची नावे घेत काढली, त्याच्या तोंडी गाडी हा शब्द इथे येतो तेव्हा तो किती वेगळा वाजतो! सहा गाण्यांत उधळलेली श्रीमंती या एका कडव्यात येऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. विशीतला जे-झी हे बोलू शकला नसता. त्याच्याकडे तेव्हा देण्यासारखी गाडीही नव्हती आणि हे दुःखही नव्हते.

दुसरे गाणे ‘मायनॉरिटी रिपोर्ट’. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आले, बंधारे फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. छपरांवर अडकलेली, मदतीची वाट पाहणारी माणसे बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय होती. जे-झीने दहा लाख डॉलर दिले. गाण्याच्या सुरुवातीला बातम्यांचे आवाज आहेत, मग तो त्या माणसांबद्दल बोलतो, सरकारबद्दल बोलतो. इथपर्यंत कुणीही आले असते. पण मग तो स्वतःकडे वळतो. पैसे दिले, वेळ दिला नाही, म्हणजे दिले ते न दिल्यासारखेच, असा कबुलीजबाब तो देतो. देणगीची पावती फाडून मोकळे होण्याचा अनुभव या सभागृहात कुणाला नाही? मला आहे. म्हणून ते गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मध्येच थांबवले आणि परत पहिल्यापासून लावले.

आता सांगा, या अल्बमला एकच शेरा कसा द्यायचा? विकला गेला म्हणून थोर म्हणणारे आकड्यांमागे लपले. म्हातारा झाला म्हणून फेकून देणाऱ्यांनी ‘लॉस्ट वन’ नीट ऐकलेच नाही. माझे मत स्पष्ट आहे. अल्बम जिथे फसला, तिथे वयामुळे फसला नाही. जिथे त्याने वय पैशाने झाकले, तिथे फसला. जिथे झाकण काढले, तिथे आजवर कुणी न केलेले त्याने केले.

इथे मला आपल्याकडे वळावेसे वाटते, आणि हे थोडे कडवट लागले तरी मनापासून बोलतो. आपण ज्येष्ठांच्या बाबतीत उलट टोकाला जातो. बुजुर्ग कलावंत मंचावर आला की आपण उभे राहतो, गाणे सुरू व्हायच्या आधीच टाळ्या वाजवतो, बाहेर पडताना ‘या वयात सुद्धा!’ म्हणतो आणि घरी जातो. ‘या वयात सुद्धा’ या तीन शब्दांत ऐकणे संपलेले असते. तो नमस्कार असतो, दाद नव्हे. ज्याला आपण सगळेच चालवून घेतो, त्याच्याकडून आपण काही मागतच नाही. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी जे-झीला ही सवलत दिली नाही. त्यांनी मागितले, हक्काने मागितले, मिळाले नाही तिथे बोलून दाखवले. मी याला प्रेम म्हणतो.

आणि कलावंताने ते ऐकले. २०१३ मध्ये आपल्या वाढदिवसाला त्याने स्वतःच्या सर्व अल्बमांची क्रमवारी लावून जाहीर केली. सर्वांत तळाला कोणते नाव होते? ‘किंगडम कम’. स्वतःच्या कामाबद्दल इतके सडेतोड बोलणारे किती जण सापडतील? श्रोत्यांनी सात वर्षांपूर्वी दिलेला निकाल त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला. माझ्यापुरते म्हणाल तर ‘लॉस्ट वन’साठी मी तो अल्बम तळाला ठेवणार नाही. पण तो त्याचा अधिकार.

मग ३० जून २०१७ रोजी ‘४:४४’ आला. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. दहा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटे, नो आय. डी. हा एकच मुख्य संगीतकार. पहिल्याच गाण्यात तो स्वतःच्याच अहंकाराला मारायला निघतो. शीर्षकगीतात बायकोची, बियॉन्सेची, माफी मागतो, आणि ती माफी सोपी नाही. मुले मोठी होऊन एक दिवस हे सगळे वाचतील, ही भीती त्यात आहे. ‘स्माइल’ या गाण्यात तो आपल्या आईचे, ग्लोरिया कार्टर यांचे, एका स्त्रीवर असलेले प्रेम जगापुढे आनंदाने मांडतो, आणि शेवटी आई स्वतः बोलते. ज्यांनी ‘द ब्लॅक अल्बम’ ऐकला आहे त्यांना आठवेल, तिथेही आईचा आवाज होता, लेकाच्या जन्माची गोष्ट सांगणारा. त्या अल्बमात आई त्याच्याविषयी बोलली होती, चौदा वर्षांनी तो तिच्याविषयी बोलला. ‘लॉस्ट वन’च्या तिसऱ्या कडव्यात जे दार किलकिले झाले होते, ते इथे सताड उघडले. ‘किंगडम कम’वर टीका झाली नसती तर हे घडले असते का? हे सिद्ध करता येणार नाही. मला वाटते, नसते घडले.

नासचेही तेच. २००६ मध्येच तो डेफ जॅममध्ये आला, म्हणजे एके काळच्या शत्रूच्याच कंपनीत, आणि डिसेंबरमध्ये त्याचा ‘हिप हॉप इज डेड’ निघाला. पुढे बरीच वर्षे तो कधी चढला, कधी उतरला. २०२० मध्ये हिट-बॉय या वयाने लहान संगीतकाराबरोबर त्याने ‘किंग्ज डिसीज’ केला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातले पहिले ग्रॅमी मिळवले. थांबला नाही, २०२३ पर्यंत त्याच साथीदाराबरोबर आणखी पाच अल्बम केले. म्हणजे कलेला प्रौढपण आले आहे. २००६ मध्ये जे छत्तिशीत अशक्य वाटत होते, ते आता पन्नाशीत नित्याचे होत आहे.

याच नासचा धागा मुंबईपर्यंत येतो. २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटाशी त्याचे नाव कार्यकारी निर्माता म्हणून जोडले गेले, आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील कंपनीची भारतीय शाखा निघाली, तेव्हा पहिला कलावंत होता अंधेरीचा डिव्हाइन. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी ‘मेरे गली में’ केले, तेव्हा दोघेही विशीत होते. आज दोघेही तिशी ओलांडून गेले आहेत. चाळीतली, चिंचोळ्या बोळातली गोष्ट सांगून ते मोठे झाले. आता त्यांचे घर बदलले, गाडी बदलली, ऐकणारे बदलले. जे-झीपुढे २००६ मध्ये जो प्रश्न होता तो आता त्यांच्यापुढे आहे. आणि मराठीत रॅप करणारी जी मुले पुण्यात, मुंबईत, छोट्या शहरांत आज विशीत आहेत, त्यांच्यापुढे तो दहा वर्षांनी येईल. तेव्हा त्यांचा एखादा कच्चा अल्बम येईल, अर्धा झाकलेला, अर्धा उघडा. त्या वेळी आपण नुसता नमस्कार करू नये, आणि पहिल्या गाण्यावरून मोडीतही काढू नये. तिसऱ्या कडव्यापर्यंत ऐकावे.

संयोजकांनी माझी एक विनंती मान्य केली आहे, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आता ध्वनिवर्धकावर आधी ‘थर्टी समथिंग’ आणि मग ‘लॉस्ट वन’ लावले जाईल. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. मधल्या भागात आवाज कुठे सैल पडतो आणि कुठे घट्ट होतो, तेवढ्याकडे लक्ष द्या. त्यानंतर ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी आधी बोलावे.